आतली ताकद आणि सुन लुथांग

मार्शल आर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ब्रूस ली येतो, नाहीतर जॅकी चॅन. हॉस्टेलमध्ये रात्री कुणाच्या तरी लॅपटॉपवर त्यांचे पिक्चर चाललेले असतातच. मी ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे, त्यांनी एकाही सिनेमात काम केलेलं नाही. त्यांचे जे फोटो मिळतात, त्यांत एक किरकोळ अंगाचा, दाढीवाला, लांब झगा घातलेला माणूस दिसतो. एखाद्या शाळेतले संस्कृतचे गुरुजी वाटावेत असा. या गुरुजींना त्यांच्या काळात अख्ख्या उत्तर चीनमधले पैलवान टरकून होते म्हणे!

नाव सुन लुथांग. माझ्यापर्यंत ते आजीच्या गुडघ्यांमुळे पोचलं. दोन वर्षांपूर्वी आजी मोरीत घसरून पडली. मनगटाचं हाड जुळलं, प्लास्टर निघालं, पण तिच्या मनात पडण्याची जी भीती बसली ती काही निघेना. घरातल्या घरात भिंत धरून चालायची. फिजिओथेरपिस्टने तोल सावरायचे व्यायाम दिले आणि जाता जाता तायचीचं नाव घेतलं. मी नेटवर शोधलं, तर संधिवाताच्या पेशंटसाठी 'सुन स्टाईल तायची' असा एक प्रकार सापडला. मला आधी वाटलं सन म्हणजे सूर्य, म्हणजे आपल्या सूर्यनमस्काराचा कुणीतरी चुलतभाऊ असेल! (कॉन्व्हेंटचा परिणाम, दुसरं काय.) नंतर कळलं की सुन हे आडनाव आहे.

वाचताना एक शब्द सारखा आडवा यायला लागला. तायची ही 'इंटर्नल' मार्शल आर्ट आहे, आणि कराटे, शाओलिन वगैरे 'एक्स्टर्नल'. म्हणजे नेमकं काय? कशाच्या आत? मी इन्स्ट्रुमेंटेशनची विद्यार्थिनी आहे. आम्हाला दुसऱ्या वर्षापासून एकच गोष्ट घोकून घ्यायला लावलीये : आधी काय मोजायचं ते ठरवा, मग सेन्सर निवडा. ज्याची व्याख्याच नाही ते मोजणार कसं? आणि मोजता येत नसेल तर आजीला ते करायला सांगायचं तरी कशाच्या जोरावर? या प्रश्नाच्या मागे मागे जाताना मला सुन लुथांग भेटले, कारण आज 'आतल्या' समजल्या जाणाऱ्या तीन कलांची मोट बांधणारा आणि ती पुस्तकांतून जगापुढे ठेवणारा माणूस तोच.

त्यांचा जन्म १८६० चा. चीनच्या उत्तरेला, आजच्या हेबेई प्रांतात, वान नावाच्या तालुक्यातलं एक खेडं. मूळ नाव सुन फुछुआन. घरची गरिबी. वडील लहानपणीच गेले, आणि हे पोर एका पैसेवाल्याच्या घरी राबायला लागलं. तिथे मार खायचा आणि वर उपाशी राहायचं. त्याच्या चरित्रांत एक प्रसंग सगळीकडे येतो. तेरा-चौदा वर्षांचा असताना या मुलाने गळफास लावून घेतला होता, आणि वाटेने जाणाऱ्या लोकांनी त्याला खाली उतरवलं. नंतर तो आणि आई बाओडिंग शहरात गेले. तिथे नात्यातल्या एकाचं लिहायच्या ब्रशांचं दुकान होतं. चिनी अक्षरं ज्या कुंचल्याने काढतात तेच ब्रश. दुकानात काम करता करता पोराचं अक्षर सुधारलं, वाचनाची गोडी लागली. ही गोष्ट पुढे फार महत्त्वाची ठरली. त्या काळचे बहुतेक उस्ताद निरक्षर किंवा जेमतेम सही करण्याइतके शिकलेले असायचे. त्यांची विद्या त्यांच्याबरोबर जायची. हा माणूस मात्र लिहू शकत होता.

बाओडिंगमध्येच त्याला ली कुइयुआन हे शिंगयी शिकवणारे गुरू मिळाले. शिंगयी म्हणजे सरळ रेषेतली लढाई. पाऊल पुढे, मूठ पुढे, अख्खं अंग पुढे. त्यात फाफटपसारा अजिबात नाही. काही वर्षांनी ली यांच्या लक्षात आलं की आपल्याकडचं देऊन झालंय. त्यांनी सरळ त्याला स्वतःच्या गुरूंकडे, गुओ युन्शेन यांच्याकडे पाठवून दिलं. (आपल्याकडचे क्लासवाले असं करतील का? असो.) गुओ म्हणजे तेव्हाचं मोठं प्रस्थ. अर्धं पाऊल टाकून मारलेल्या एकाच ठोशासाठी ते प्रसिद्ध होते. म्हणे, खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात असताना पायांत बेड्या होत्या, पूर्ण पाऊल पडायचं नाही, म्हणून अर्ध्या पावलाचा ठोसा तयार झाला. खरं खोटं तो तुरुंगच जाणे. गुओ घोड्यावरून प्रवास करायचे आणि हा शिष्य घोड्याचं शेपूट धरून मागे धावायचा, अशीही गोष्ट सांगतात. ती मला खरी वाटते, निदान अर्धी तरी. आपल्याकडच्या आखाड्यांच्या गोष्टी काय वेगळ्या असतात?

मग बीजिंग. तिथे चेंग तिंगह्वा यांच्याकडे बाग्वा. चेंग चष्मे विकायचे, म्हणून त्यांना सगळे 'चष्मेवाले चेंग' म्हणत. बाग्वामध्ये तासन् तास गोलात चालायचं. नुसतं चालायचं, हात एका ठरावीक ठेवणीत, अंग गोलाच्या मध्याकडे वळवलेलं. वाचताना मला हसू आलं होतं. पण एकदा हॉस्टेलच्या गच्चीवर खडूने आठ फुटांचा गोल काढून दहा मिनिटं चालून बघा. वळणाऱ्या वस्तूला मध्याकडे बल लागतं हे आपण अकरावीत शिकलो, तेव्हा ते फक्त उत्तरपत्रिकेत होतं. इथे ते मांडीच्या आतल्या बाजूला जाणवतं. दर पावलाला घोटा थोडा वळतो, कंबर थोडी पिळते, आणि समोरच्या माणसाच्या बाजूला सरकायची सवय पायांना आपोआप लागते. सुन यात इतके चपळ झाले की लोक त्यांना जिवंत माकड म्हणायचे. कौतुकाने.

चेंग यांचा शेवट वाईट झाला. १९०० साली बॉक्सर बंडाच्या वेळी परदेशी फौजा बीजिंगमध्ये घुसल्या, आणि त्या धामधुमीत ते सैनिकांच्या गोळीला बळी पडले. इतकी वर्षं गोलात चालून कमावलेलं अंग, आणि समोर बंदूक. चिनी मार्शल आर्टच्या इतिहासातली ही जागा मला सगळ्यात अस्वस्थ करते. कारण त्याच वेळी अख्ख्या देशाला प्रश्न पडला होता की या सगळ्याचा आता उपयोग काय? बॉक्सर बंडखोर तर आपल्याला गोळी लागत नाही असं मानून लढले आणि मेले. त्यामुळे शिकलेल्या लोकांना या विद्यांची शरमच वाटायला लागली. १९१८ मध्ये लू शुन यांच्यासारख्या मोठ्या लेखकाने या मुष्टियुद्धाच्या नव्या प्रचाराची जाहीर टर उडवली होती. सुन यांना जे काही सांगायचं होतं, ते या वातावरणात सांगायचं होतं.

आता त्या 'आतल्या' शब्दाकडे येते. हा शब्द सुन यांनी शोधलेला नाही. १६६९ मध्ये ह्वांग झोंगशी नावाच्या विद्वानाने एका योद्ध्याच्या समाधीलेखात तो वापरला. शाओलिनची बाहेरची, आणि आपल्या मित्राची ती आतली, असं त्यात आहे. मांचूंनी चीन जिंकून तेव्हा पंचवीसच वर्षं झाली होती आणि ह्वांग हे मांचूंचे कट्टर विरोधक. म्हणून काही अभ्यासक म्हणतात की आतलं म्हणजे आपलं आणि बाहेरचं म्हणजे परक्यांचं, असा राजकीय टोमणाच त्यात दडलाय. शाओलिनचा संबंध भारतातून गेलेल्या बोधिधर्माशी जोडतात, म्हणून ते बाहेरचं. आणि आतल्यांचा मूळपुरुष कोण, तर झांग सानफेंग नावाचा ताओ साधू. म्हणजे मुळात ही शरीरशास्त्रातली व्याख्या नव्हतीच, घराण्याची होती. तू कोणाचा शिष्य, एवढंच. पुढे १८९० च्या दशकात बीजिंगमधल्या काही उस्तादांनी, त्यांत चेंगही आले, एकमेकांचे शिष्य वाटून घ्यायला आणि आपल्या कला एकाच कुटुंबातल्या मानायला सुरुवात केली असं सांगतात.

सुन याच वातावरणात वाढले आणि तेही आधी असंच मानत होते. मग एक गोष्ट घडली. ती त्यांनी स्वतःच उतारवयात एका लेखात लिहून ठेवलीये, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या मारामाऱ्यांच्या गोष्टींपेक्षा ती भारी आहे.

झालं असं, की कित्येक वर्षं श्वास खाली ओढून, पोटात साठवून सुन यांचं ओटीपोट दगडासारखं टणक झालं होतं. पोटाच्या नुसत्या धक्क्याने ते समोरच्या माणसाला लांब फेकत. त्यांना वाटलं, हीच ती आतली ताकद, आपण पोचलो. मग शांशी प्रांतात ते सोंग शिरोंग या शिंगयीच्या ज्येष्ठ गुरूंना भेटले आणि विचारलं की आतली आणि बाहेरची यांत फरक काय. सोंग यांनी सांगितलं की मुठीत असा काही फरक नसतोच, फरक असतो तो श्वासात. श्वास नीट सांभाळता आला तर कुठलीही कला आतली, नाही आला तर कुठलीही बाहेरची. आणि ते दगडासारखं पोट? ती काही पोचल्याची खूण नव्हे. ताकद एकाच जागी थिजून बसली आहे, ती विरघळून अंगभर गेली पाहिजे.

विचार करा, पंचक्रोशीत नाव झालेल्या माणसाला कुणीतरी सांगतंय की तुझ्या इतक्या वर्षांच्या कमाईत गाठ आहे. सुन यांनी ते ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तर छापून सगळ्यांना सांगितलं की मी चुकलो होतो. आम्ही जर्नलमध्ये एक रीडिंग चुकलं तर व्हाइटनर लावतो!

आणि इंजिनिअर म्हणून बघितलं तर सोंग यांच्या उत्तराने फार मोठं काम केलंय. व्याख्या घराण्यातून काढून शरीरात आणून ठेवली. कोणाचा शिष्य हे कुठल्याच सेन्सरने कळत नाही. श्वास मात्र छातीला आणि पोटाला पट्टा बांधून मोजता येतो. स्नायू ताणलेला आहे की सैल, हे त्वचेवर इलेक्ट्रोड लावून कळतं. दगडासारख्या पोटाचंही साधं मेकॅनिक्स आहे. पोटाचे स्नायू आवळून आतला दाब वाढवला की कण्याला आधार मिळतो, वजन उचलणारे पैलवान हेच करतात. पण तो दाब सतत धरून ठेवला तर श्वास अडतो, कंबर फिरत नाही, आणि पायाने जमिनीला दिलेला रेटा मुठीपर्यंत जाताना मध्येच अडकतो. पंपापासून नळापर्यंतच्या पाइपात एक व्हॉल्व्ह कायमचा अर्धा बंद, तसंच.

कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठातले स्टुअर्ट मॅकगिल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१० मध्ये हे मोजून दाखवलं, तेही तायचीवाल्यांवर नाही, तर मिक्स्ड मार्शल आर्टच्या पाच अव्वल लढवय्यांवर. ठोसा किंवा लाथ मारताना त्यांच्या काही स्नायूंत दोन उंचवटे दिसले. सुरुवातीला एक आकडी ताण, मग मध्ये सैल, आणि आपटण्याच्या क्षणी पुन्हा ताण. मधल्या सैलपणातच हातापायाला वेग येतो. म्हणजे सैल राहण्याचं कौशल्य 'बाहेरच्या' लढवय्यांकडेही आहे. मुठीत फरक नाही हे सोंग यांचं म्हणणं मला इथे आठवलं. अर्थात त्या प्रयोगाचा उद्देश तो नव्हता, हे जुळवणं माझं.

सुन यांच्याकडे परत. १९११ च्या क्रांतीनंतरची पहिली काही वर्षं. ते पन्नाशी ओलांडलेले, बीजिंगमध्ये नाव झालेलं. हाओ वेइझेन नावाचे तायचीचे म्हातारे उस्ताद शहरात आले आणि आजारी पडले. परक्या गावात विचारणारं कोणी नाही. सुन यांची त्यांची तशी ओळखही नव्हती. तरी त्यांनी राहायची सोय केली, डॉक्टर आणला, औषधपाणी बघितलं. हाओ बरे झाले तेव्हा म्हणाले की परतफेड करायला माझ्याकडे तायचीशिवाय काही नाही. अशा रीतीने पन्नाशीनंतर सुन तिसऱ्यांदा पहिलीच्या बाकावर बसले. हा प्रसंग त्यांच्या स्वतःच्याच प्रस्तावनेत आहे.

आणि मग त्यांनी लिहायचा सपाटा लावला. १९१५ साली शिंगयीवर पुस्तक, १९१६ साली बाग्वावर, १९२१ साली तायचीवर, १९२४ साली या तिन्हींचं सार सांगणारं, १९२७ साली बाग्वाच्या तलवारीवर. पुस्तकांत त्यांचे स्वतःचे फोटो, एकेका ठेवणीसाठी वेगळं प्रकरण, पाय कुठे, किती अंशात, वजन कुठे, नजर कुठे. आपल्या लॅब मॅन्युअलसारखं. आधीच्या उस्तादांनी दाराआड ठेवलेलं याने दुकानात ठेवलं. वर हेही लिहिलं की हे पोरंसोरं, म्हातारे, बायका, अशक्त सगळ्यांनी करावं. आज याचं काही वाटणार नाही, पण गुप्ततेवर ज्या धंद्याचं पोट चाललंय त्यात हे करायला धाडस लागतं.

आता उगाच आरती ओवाळत नाही. या पुस्तकांत ठेवण्यांचं वर्णन जेवढं स्वच्छ आहे, तेवढंच कारणांचं वर्णन धूसर आहे. तिथे यी चिंगची षट्कं येतात, यिन-यांग येतं, पंचमहाभूतांसारखी त्यांची पाच तत्त्वं येतात, आणि बोधिधर्म नि झांग सानफेंग यांच्या कथा खऱ्या इतिहासासारख्या येतात. १९३० मध्ये तांग हाओ नावाच्या अभ्यासकाने जुनी कागदपत्रं धुंडाळून या दोन्ही मूळपुरुषांच्या कथा निकालात काढल्या. सुन तेव्हा हयात होते. त्यांचा इतिहास कच्चा होता, निरीक्षण पक्कं होतं, असं माझं मत आहे. ज्या भाषेत त्यांना विचार करता येत होता त्या भाषेत त्यांनी केला. शून्य अवस्था म्हणून त्यांनी जे सांगितलंय ते बघा. टाचा जोडून, पंजे काटकोनात, हात सोडून, डोक्यात काही न आणता उभं राहायचं, आणि प्रत्येक सराव तिथूनच सुरू करायचा. मी त्याला इन्स्ट्रुमेंटचं झिरो सेटिंग म्हणते. ते केल्याशिवाय पुढचं एकही रीडिंग खरं नाही.

मधल्या काळात १९१८ साली शु शिचांग राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी सुन यांना आपल्या वाड्यावर नेमून घेतलं. तिथली नोकरी, मानसन्मान, यात मला फारसा रस नाही. जपानी पैलवानांना त्यांनी कसं लोळवलं याच्याही बऱ्याच कथा आहेत, पण त्या सगळ्या शिष्यांच्या तोंडच्या. त्या वाढत वाढत जातात, फॉरवर्ड होणाऱ्या मेसेजसारख्या.

१९२८ मधलं प्रकरण मात्र सांगायलाच हवं. नानजिंगला सरकारने या विद्यांसाठी मध्यवर्ती संस्था काढली आणि तिचे दोन विभाग केले. एक शाओलिन, म्हणजे बाहेरच्यांचा, दुसरा वुडांग, म्हणजे आतल्यांचा. वुडांग विभागाचं प्रमुखपद सुन यांना दिलं. जो माणूस मुठीत फरक नसतो हे शिकून आला होता, त्यालाच फरकाच्या खुर्चीवर बसवलं! ते तिथे फार टिकले नाहीत. लवकरच ते जिआंगसू प्रांताच्या संस्थेत शिक्षणप्रमुख म्हणून गेले. नानजिंगला पुढे दोन्ही विभागांत इतकी तेढ वाढली की प्रमुखांचीच आपसात जुंपली, आणि शेवटी ही दोन विभागांची रचनाच मोडीत काढावी लागली. मेकॅनिकल आणि आयटीचे विद्यार्थी गॅदरिंगला भांडतात त्याचं काही वाटून घेऊ नका, अशी परंपरा फार जुनी आहे.

हे वाचून मला कळलं की व्याख्या चुकली की नुसतं पुस्तकात बिघडत नाही, माणसंही एकमेकांच्या अंगावर येतात. आणि विज्ञानातही बिघडतं. त्याचं उदाहरण आजीच्याच विषयातलं आहे. १९९६ मध्ये अटलांटाच्या एमरी विद्यापीठातले स्टीव्हन वूल्फ आणि सहकारी यांनी सत्तरीच्या पुढच्या २०० लोकांवर प्रयोग केला. एका गटाला पंधरा आठवडे तायची, दुसऱ्याला कॉम्प्युटरला जोडलेल्या प्लॅटफॉर्मवर तोल सांभाळायचं ट्रेनिंग, तिसऱ्याला नुसत्या गप्पा आणि माहिती. तायचीवाल्यांत पुन्हा पुन्हा पडण्याचा धोका ४७.५ टक्क्यांनी घटला. मी हा आकडा आजीला वाचून दाखवला. पण गंमत पुढच्या वर्षी आली. त्यांच्यातल्याच ७२ जणांची मोजणी प्रसिद्ध झाली, त्यात उभं असताना अंग किती डुलतं ते मोजलं होतं. कॉम्प्युटरवाल्यांचं डुलणं कमी झालं. तायचीवाल्यांचं जवळजवळ होतं तसंच! पडण्याची भीती मात्र तायचीवाल्यांची कमी झाली होती.

म्हणजे डुलणं मोजणारं यंत्र बिघडलेलं नव्हतं, पण तायची जे काही करत होतं ते त्या यंत्राच्या खिडकीतून दिसत नव्हतं. कदाचित तायचीवाले डुलायला घाबरत नव्हते, डुलून परत सावरायला शिकले होते. दगडासारखं ताठ उभं राहणं म्हणजे तोल नव्हे. सोंग यांनी पोटाबद्दल जे सांगितलं तेच, फक्त अख्ख्या अंगाबद्दल. हे माझं अनुमान आहे, वूल्फ यांच्या माथी मारू नका. पीटर वेन आणि टेड कॅपचक यांनी २००८ मध्ये याच अडचणीवर लिहिलं आहे. तायची म्हणजे गोळी नव्हे, त्यात हालचाल, श्वास, लक्ष, कल्पना, गुरू, सोबत असे अनेक घटक एकत्र आहेत, आणि प्लासिबो म्हणून खोटं तायची तयार करायचं तर त्यातला कुठला घटक काढायचा हेच ठरत नाही. व्याख्येचा प्रश्न १६६९ पासून आहे तो आहेच.

सुन यांनी तिन्ही कला एकत्र करून जी तायची बांधली, तिच्याकडे मात्र यंत्राच्या नजरेने बघता येतं. इतर घराण्यांसारखी खोल बैठक तिच्यात नाही, उंच उभं राहूनच करायची. एक पाय पुढे गेला की दुसरा लगेच मागून जातो, शिंगयीसारखा. गुडघा कमी वाकला की शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्यापासून कमी लांब पडते, आणि गुडघ्यावरचा मोमेंट कमी होतो. स्टॅटिक्सचं पहिलं युनिट. वजनही एका वाकवलेल्या पायावर फार वेळ थांबत नाही. म्हणून १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डॉ. पॉल लॅम यांनी संधिवाताच्या रुग्णांसाठी व्यायाम तयार करायला घेतला, तेव्हा त्यांनी आधार म्हणून सुन यांचीच पद्धत निवडली. सुन यांच्यापुढे संधिवाताचे पेशंट नव्हते. शिंगयीच्या झटपट पावलांवर लढणाऱ्या माणसाला खोल बसणं परवडत नसे, एवढंच असावं.

आजीला मी हे सगळं सांगितलं. तिने फक्त विचारलं, की हा माणूस स्वतः म्हातारपणी पडला का? तिच्या दृष्टीने तोच खरा रिझल्ट.

तर, म्हातारपण. जिआंगसूच्या संस्थेत मुलींचाही वर्ग सुरू झाला आणि तिथे त्यांची मुलगी सुन जियानयून शिकवू लागली. १९३१ मध्ये जपानने मांचुरिया घेतला, देशाचं वातावरण बिघडत गेलं. सुन नोकरी सोडून उत्तरेला परतले आणि शेवटी आपल्या खेड्यात गेले, जिथे लहानपणी फासावरून उतरवलं होतं. १९३३ मध्ये तिथेच वारले. शिष्य सांगतात की त्यांनी दिवस आधीच सांगून ठेवला होता, काही आजार नव्हता, बसल्या बसल्या शांतपणे गेले. समाधी घेतल्यासारखं. मी हेही शिष्यांच्या खात्यात टाकते. पण पडून, अंथरुणाला खिळून गेले असं कुणीच सांगत नाही, हे आजीला कळवलंय.

सुन जियानयून यांनी वडिलांची पद्धत पुढे बीजिंगमध्ये साठ-सत्तर वर्षं शिकवली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात अशा शिकवण्यावर काय वेळ आली असेल याची कल्पना करा. त्या २००३ मध्ये गेल्या. त्याच वर्षी कोरियातल्या रायुन सोंग आणि सहकारी यांचा अभ्यास छापून आला. गुडघेदुखीच्या ७२ म्हाताऱ्या बायकांची निवड झाली होती, त्यांच्यातल्या निम्म्यांना बारा आठवडे सुन पद्धतीची तायची. शेवटपर्यंत दोन्ही गट मिळून ४३ जणी टिकल्या. तायचीवाल्यांचं दुखणं कमी झालं, तोल आणि पोटाच्या स्नायूंची ताकद सुधारली. पोटाच्या स्नायूंची! ते वाचताना मला त्या दगडासारख्या पोटाची आठवण झाली.

मध्येच सोडून गेलेल्या २९ जणींचं काय, असं मी आमच्या सरांना विचारलं, तर ते म्हणाले की हाच तुझा प्रोजेक्ट. सध्या पट्ट्यात बसवायचा श्वासाचा सेन्सर तयार होतोय. पहिली रीडिंग्ज दिवाळीच्या सुट्टीत आजीची घेणार आहे. ती टाचा जोडून, हात सोडून, भिंत न धरता दोन मिनिटं उभी राहते आता.